निवटीची साक्ष



समुद्राच्या पाण्यातले धातू माशांवरून कसे ओळखायचे यावर बोलायला समुद्र नसलेले अंबरनाथ का निवडले, असे स्वागत समितीला पुष्कळांनी विचारले. उत्तर शिवमंदिराशेजारून वाहते. १०६० सालचे ते देऊळ वालधुनीच्या काठी आहे. वालधुनी आमचे आणि उल्हासनगरचे सांडपाणी घेऊन कल्याणला उल्हास नदीत मिसळते, आणि उल्हास वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. आम्ही सोडतो ते खाडीच्या पदरात पडते. तेव्हा यजमानपण आमच्याकडे येणेच रास्त.

पाण्याचा नमुना भरला त्या घटकेपुरते सांगतो. रात्री गुपचूप सोडलेले पाणी सकाळच्या बाटलीत सापडत नाही. मासा मात्र महिनोन्महिने तेच पाणी कल्ल्यांतून घेतो. कॅडमियम त्याच्या यकृतात, मूत्रपिंडात साठते. गाळातल्या जिवाणूंनी पाऱ्याचे मिथाइल मर्क्युरी केले, की ते मांसात जाऊन बसते. म्हणजे नेमके आपण खातो त्या भागात. जपानमध्ये याच पाऱ्याने झालेल्या मिनामाटाच्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ची, पण मासे खाणारी तिथली मांजरे त्याआधीच झिंगून मरत होती. आपल्या उल्हासच्या खाडीतल्या गाळातला पारा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्येच छापून मांडला आहे.

मग साक्षीला कोणता मासा बोलवायचा? मी शास्त्रज्ञ नव्हे, तरी माझे मत निवटीला. बोई भरतीबरोबर हिंडते. तिच्या अंगातला धातू कुठला, हे सांगणे कठीण. निवटी चिखलात बीळ करून राहते, ओहोटीला परांवर सरकत गाळावरचे शेवाळ खरवडते, लांब जात नाही. तिच्यात सापडेल ते बहुधा तिथलेच. शिवाय ती कोळणीच्या पाटीतही असते. फक्त लहान-मोठ्या निवट्या एकत्र वाटू नका. लांबी आणि महिना लिहून ठेवा, कल्ले, यकृत, मांस वेगवेगळे तपासा.

नमुने कुठून घ्यायचे हे दुपारी ठरेल. तेव्हा जाळे टाकणाऱ्यांना आधी बोलू द्यावे, एवढीच यजमानांची अट. कोणत्या वळणावर पाणी कधी काळे झाले, निवटी कुठून दिसेनाशी झाली, हे त्यांना तोंडपाठ असते.

जेवणात मासे आहेत का, अशी सकाळपासून चौकशी चालू आहे. आहेत. कुठल्या पाण्यातले, ते आचाऱ्याला जरूर विचारा.