बांध ओलांडण्याआधी

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून संमेलनाला आलेल्या पक्षिमित्रांनो आणि ज्यांनी आपली घरे पाहुण्यांसाठी मोकळी केली त्या माझ्या गावकऱ्यांनो,



आमच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरला इंग्रजी अमदानीत बंधारा झाला. त्याच्या मागे गाळ साठत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या आणि नांदूर मध्यमेश्वर पक्ष्यांचे झाले. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हे सारे तुम्हाला ठाऊकच आहे. मी द्राक्षबागायतदार आहे, म्हणून पाण्याच्या काठावरच्या जमिनीविषयी बोलतो.

चापडगावच्या मनोऱ्यावरून चक्रवाक आणि तलवार बदके दिसतात. पण भोवत्या शिकारीला शेतांवरही फिरतो, सुगरण घरटी विणते ती कुणाच्या तरी विहिरीवर झुकलेल्या बाभळीला. ती बाभूळ ज्याच्या सातबाऱ्यावर आहे, त्याने ती ठेवली म्हणून उभी आहे. उद्या त्याने ठरवले तर सरपणात जाईल. शेतातल्या पक्ष्यांचे रक्षण बहुतांशी अशा मालकाच्या मर्जीवर चालले आहे, आणि ती मर्जी राखणे हे पक्षिनिरीक्षकाचे पहिले काम आहे असे मी मानतो.

मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, आपण पक्षी सप्ताह साजरा करतो. नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतरची कोवळी फूट तारेवर चढत असते आणि डाऊनी रोगाच्या धास्तीने फवारणीचे ट्रॅक्टर सकाळ-संध्याकाळ बागेत असतात. नुकत्याच फवारलेल्या बागेत शिरणे तुमच्याच प्रकृतीला घातक. शेजारच्या वाफ्यात कांद्याची लागवड चालू असते. ओल्या वाफ्यात बूट पडला की रोप चिखलात गाडले जाते, आणि ठिबकची नळी पायाखाली फुटली तर मालकाला ती पाणी सोडल्यावरच कळते.

पहाटे गळ्यात दुर्बीण घातलेला अनोळखी माणूस बांधावर दिसला की शेतकरी बिचकतो. विहिरीवरच्या मोटारी आणि केबल चोरीला जातात, त्यामुळे ते साहजिकच आहे. शिवाय अभयारण्याच्या नावाखाली जमिनीवर निर्बंध येतील ही धास्ती अनेकांच्या मनात आहे. कॅमेरा बघून हा कुणी मोजणीला आलेला सरकारी माणूस असावा, असेही त्यांना वाटते. दोन शब्द बोलून ही शंका फिटते. विचारून जाण्याचे आणखी एक कारण म्हणजे आमच्या उसात बिबट्या असतो. तो कोणत्या फडात दिसला हे मालकाला ठाऊक असते, पाहुण्याला नसते.

आता टिटवीचे पाहा. ती नांगरटीत, उघड्या ढेकळांमध्ये बहुधा चार अंडी घालते. ती मातीच्याच रंगाची असल्याने पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. औत हाकणाऱ्याला ती दिसली तर अनेकदा तो तेवढा तुकडा सोडून पुढे जातो. मग घरट्याची बातमी फुटते, छायाचित्रकार गोळा होतात, टिटवी ओरडत वर घिरट्या घालते आणि अंडी उन्हात तापतात. कावळा दुरून बघतच असतो. शेतकऱ्याने राखलेले घरटे आपण घालवायचे, याला पक्षिप्रेम म्हणता येणार नाही. अनेक छायाचित्र स्पर्धा आता घरट्यांची छायाचित्रे घेत नाहीत, ते योग्यच आहे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणे आणि घरट्याचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकणे, हे दोन्ही या संमेलनात चालणार नाही. काठावर बायाबापड्या धुणे धूत असतील तर कॅमेरा खाली ठेवावा, हे वेगळे सांगायला नको.

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेल्लूर गावात पेलिकन आणि चित्रबलाक गावकऱ्यांच्या स्वतःच्या झाडांवर, अगदी घरांजवळ, घरटी करतात. त्यामुळे चिंचेचे उत्पन्न बुडते, म्हणून वनखाते झाडांच्या मालकांना भरपाई देते. तिथे झाडाच्या मालकाला मान आहे. आपल्याकडे तो मान द्यायला सरकारी आदेशाची वाट कशाला पाहायची?

उद्याच्या निरीक्षणासाठी काही शेतकऱ्यांनी आपले बांध खुले केले आहेत. सर्वांनी गटप्रमुखांबरोबरच निघावे, ठरलेल्या बांधावरूनच चालावे. दुसऱ्या कुणाच्या रानात पक्षी दिसला तर आधी हाक मारावी, "दादा, येऊ का?" म्हणून विचारावे, आणि नाही म्हटले तर वाद न घालता परतावे. निघताना काय काय दिसले ते मालकाला नावानिशी सांगा, दुर्बीण त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या हातात द्या, ही माझी तुम्हा सर्वांना हात जोडून विनंती आहे.