बाटलीचे वजन आणि नशेचे माप

रायपुरातल्या पोलीस कारवाईच्या बातम्यांत गांजाच्या जोडीने खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या वारंवार येतात. गांजा ओडिशातून महासमुंदमार्गे चोरून येतो. बाटली मात्र परवानाधारक कारखान्यातच भरलेली असते. नशा आणणाऱ्या कोडीनचे हे सिरप शेड्यूल एच-१ या औषधांच्या यादीत मोडते. दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि दिलेले औषध वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. तीच बाटली कागदपत्रांविना नशेसाठी विकताना सापडली, की प्रकरण १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली जाते आणि शिक्षा वजनावर ठरते. कोडीन १ किलोच्या वर गेले की ती व्यापारी मात्रा: किमान १० वर्षे सक्तमजुरी, आणि जामीन मिळणे महाकठीण.

पण वजन कशाचे धरायचे? दर ५ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, या हिशेबाने १०० मिलिलिटरच्या बाटलीत कोडीन भरते २०० मिलिग्रॅम. निव्वळ कोडीन मोजले, तर १ किलो व्हायला ५,००० बाटल्या लागतात. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या मिश्रणाचे वजन धरायला सांगितले. त्यामुळे साखरेच्या पाकासकट दहा-अकरा बाटल्यांतच मर्यादा ओलांडली जाते. पिशवीत डझनभर बाटल्या घेऊन फिरणारा पोरगा आणि गोदाम भरून ठेवणारा ठोक विक्रेता एकाच रांगेत उभे राहतात. हा न्याय नव्हे.

भेसळीच्या आडून कोणी सुटू नये, हे निकालामागचे कारण हेरॉइनच्या पुडीला चपखल बसते. तिथे भेसळ विकणाराच करतो आणि आत किती माल आहे हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. सिरपमधला पाक कारखान्याने घातलेला असतो आणि कोडीनचे प्रमाण लेबलवर छापलेले असते. अमेरिकेचा १९७० चा कायदा दुरुपयोगाच्या शक्यतेनुसार पाच वर्ग पाडतो. त्यात शुद्ध कोडीन दुसऱ्या वर्गात, तर १०० मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत कोडीन असलेले खोकल्याचे औषध पाचव्या, सर्वांत सौम्य वर्गात येते. निव्वळ कोडीन मोजू लागलो, तर ४,००० बाटल्यांचा साठेबाजही व्यापारी मात्रेतून निसटेल, असा आक्षेप येईल. तो रास्तच आहे. म्हणून निव्वळ कोडीनच्या मोजणीकडे न वळता तयार औषधांसाठी बाटल्यांच्या आणि गोळ्यांच्या संख्येवर वेगळी मर्यादा घालावी. या मात्रा केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवते. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.