नांव झांकलेली चव

नंदुरबारची मिरची दूरवर प्रसिद्ध आहे. हंगामांत शहराभोंवतालच्या पथाऱ्यांवर ती वाळूं लागली म्हणजे जमीनच तांबडी झाल्याचा भास होतो. रनाळ्यासारख्या गांवाहून माल आला, तर पारखी व्यापारी शेतकऱ्याच्या नांवावर भाव ठरवीत नाहीं. तो मूठभर मिरची उचलतो, रंग पाहतो, एखादी मोडून वास घेतो, आणि मग भाव बोलतो. मालाची परीक्षा मालावरूनच व्हावी, ही रीत साधी दिसते. परंतु फ्रान्सच्या द्राक्षमदिरेसारख्या मानाच्या पदार्थाला ती फार उशिरां लागूं झाली.

सन १८५५ मध्यें पॅरिस येथें तिसऱ्या नेपोलियनच्या कारकीर्दींत मोठें प्रदर्शन भरलें. त्यासाठीं बोर्डो प्रांतांतील तांबड्या वाइनची पांच वर्गांत प्रतवारी करण्यांत आली. ती दलालांनीं केली, आणि मुख्यतः बाजारभावावरून केली. पहिल्या वर्गांत लाफित, लातूर, मार्गो व ओ-ब्रियों हीं चार नांवें बसलीं. यांतील लातूरचा आपल्या लातूरशीं कांहीं संबंध नाहीं, हें सांगावयास नकोच! पुढें १९७३ सालीं मूतों रॉथशिल्ड दुसऱ्या वर्गांतून पहिल्या वर्गांत गेली, एवढाच काय तो वरच्या पंक्तींतील बदल. भावामुळें मान आणि मानामुळें भाव, असें हें चक्र चालू राहिलें. जिभेची साक्ष घेतो कोण?

ती साक्ष २४ मे १९७६ रोजीं पॅरिसमध्यें निघाली. स्टीव्हन स्परियर नांवाच्या इंग्रज मद्यव्यापाऱ्यानें नऊ नामांकित फ्रेंच परीक्षक बोलाविले. त्यांच्यापुढें फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नांवें झांकून ठेविल्या, आणि प्रत्येकीला वीसपैकीं गुण द्यावयास सांगितले. चाखतांना एका परीक्षकानें, आतां आपण फ्रान्सला परतलों, अशा अर्थाचा उद्गार काढला. पेल्यांत मात्र कॅलिफोर्नियाची वाइन होती! निकाल लागला तेव्हां पांढऱ्या वाइनमध्यें शातो मोंतेलेना आणि तांबड्यांमध्यें स्टॅग्ज लीप, दोन्ही १९७३ च्या आणि दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, पहिल्या ठरल्या. एका परीक्षिकेनें तर आपली गुणपत्रिका परत मागितली. परीक्षक अडाणी होते असें नव्हे. नांवाचा आधार सुटतांच जाणत्यालाही केवढी अडचण पडते, हें त्या दिवशीं दिसलें.

केवळ नांवच नव्हे, डोळाही जिभेला फसवितो. बोर्डो येथील एका प्रयोगाचा वृत्तान्त २००१ सालीं प्रसिद्ध झाला. मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढें पांढरी वाइन ठेविली होती, पण तिच्यांत चव नसलेला तांबडा रंग मिसळला होता. तिच्या वासाचें वर्णन त्यांनीं तांबड्या वाइनला शोभणाऱ्या शब्दांनींच केलें.

आपल्या महाराष्ट्रालाही या गोष्टीचें महत्त्व आहे. नाशिकच्या परिसरांत सोविन्यों ब्लां, शेनें ब्लां या मूळच्या फ्रेंच जातींचीं द्राक्षें पिकतात. राजीव सामंत यांच्या सुला कारखान्याची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली, आणि २००१ मध्यें राज्य सरकारनें या धंद्यासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. फ्रान्समध्यें द्राक्षांची तोडणी बहुधा सप्टेंबरच्या सुमारास होते. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरतांना फळछाटणी करून, कोरड्या थंडींत फळ पिकवावें लागतें; तोडणी होते ती जानेवारी ते मार्चच्या सुमारास. या सगळ्या मेहनतीचें फळ बाटलींत भरल्यावर, बाटलीवर नाशिकचें नांव आहे एवढ्यावरूनच कोणी नाक मुरडलें, तर तो न्याय नव्हे. नाशिकचें आहे म्हणून डोळे मिटून वाहवा केली, तर तोही न्याय नव्हे.

चार मित्र भोजनास जमले आणि फ्रेंच वाइनची पारख करावयाची झाली, तर रीत अवघड नाहीं. बाटल्या कागदांत गुंडाळून त्यांवर अंक घालावे, आणि त्यांत एखादी नाशिकची बाटली मिसळावी. हें काम न पिणाऱ्या मित्राकडे द्यावें. त्याच्यावांचून परीक्षा निर्दोष होत नाहीं. पांढरी आधीं, तांबडी नंतर, गोड शेवटीं. प्रत्येक वेळीं पेल्यांत घोटभरच घ्यावी. पांढऱ्या वस्त्रावर रंग पाहावा, पेला फिरवून वास घ्यावा, घोट तोंडांत घोळवून थुंकून टाकावा. जाणते परीक्षक असेंच करतात, कारण हेतु पारखण्याचा आहे, झिंगण्याचा नव्हे. मध्यें पाण्याची चूळ भरावी. खानदेशी शेवभाजी नंतरच वाढावी, कारण मिरचीच्या जाळामुळें मद्याचा दाह आणि तुरटपणा दोन्ही अधिक भासतात. गुण न बोलतां लिहावे. एकानें तोंड उघडलें कीं बाकीच्यांची जीभ त्याच्या मागून चालूं लागते.

शेवटीं कागद उलगडले जातात, तेव्हां पुष्कळदां हशा पिकतो, आणि क्वचित् एखाद्याचा चेहरा उतरतो. महाग बाटली खालीं गेलेली असते आणि आपणच तिला खालीं घातलेलें असतें. त्या वेळीं लिहिलेले गुण खोडूं नयेत. आपल्याला काय आवडलें हें प्रांजलपणें सांगणें, हें शिक्षणाचें एक मोठें अंग आहे. आणि तें वाइनपुरतेंच नाहीं. पुस्तक, गाणें, माणूस, या सर्वांविषयीं आपण मत देतों तें चाखून देतों कीं नांव वाचून, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःला विचारावा. नंदुरबारच्या पथारीवरील व्यापारी मिरची मोडून पाहतो. तेवढें तरी आपण करावें.