घराबाहेर काढणारी पुस्तके



आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, आता प्रवासवर्णनांची एक लांबलचक यादी ऐकावी लागणार. तशी यादी मराठीत करता येईल, आणि ती हलक्या प्रतीचीही होणार नाही. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' तीत येईल. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेहून परतल्यावर १८८९ साली प्रसिद्ध केलेले तिकडच्या लोकस्थितीचे पुस्तक येईल. पण आज मला त्या पुस्तकांविषयी बोलायचे नाही. प्रवासाचे वर्णन करणारे पुस्तक वेगळे आणि वाचणाऱ्याला घरातून उठवून वाटेला लावणारे पुस्तक वेगळे. या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकात प्रवासाचा एक शब्दही नसेल. आणि पुष्कळदा ते अगदी लहान, साधे, कोणाच्या खिजगणतीत नसलेलेही असते.

उदाहरण घेऊ. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेला एक मुलगा. शाळेतले शिक्षण बेताचे. घरची नारळाची बागाईत सांभाळणे हेच काम. आसपास विद्वानांची संगत नाही, ग्रंथालय नाही. १८९७ च्या सुमारास या तरुणाच्या हाती 'बालबोधमेवा' मासिकाचा एक अंक पडला. मासिक मुलांचे, चालविणारे ख्रिस्ती मिशनरी! त्यात गौतम बुद्धाचे एक छोटेसे चरित्र होते. ते वाचून या तरुणाच्या मनाने जे घेतले ते कायमचे. हा धर्म मुळातून जाणून घ्यायचा, मग वाटेल ते कष्ट पडोत. हे धर्मानंद कोसंबी.

१८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पाली कोठे शिकवतात हे ठाऊक नव्हते. पुण्यास आले, डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले. पुढे काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाचा धर्म नेपाळात जिवंत असेल म्हणून काठमांडूस गेले, आणि तेथील स्थिती पाहून निराश झाले. बुद्धगयेस कळले की, खरे अध्ययन करायचे तर सिंहलद्वीपास जावे. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, सुमंगलाचार्यांच्या पायाशी, या गोव्याच्या माणसाने पाली ग्रंथ वाचायला आरंभ केला. तेही सिंहली लिपीत, कारण ग्रंथ त्या लिपीत होते. त्यानंतर ब्रह्मदेश. आणि १९१० साली थेट अमेरिका, हार्वर्ड विद्यापीठ! वॉरन नावाच्या विद्वानाच्या निधनामुळे अपुरे राहिलेले 'विसुद्धिमग्गा'चे संपादन पुढे नेण्यासाठी त्यांना बोलावणे आले होते.

पुस्तकाने माणसाला धाडले, एवढे म्हणून थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण अर्धी राहील. कोसंबी घर सोडून गेले तेव्हा त्यांचे लग्न झालेले होते, आणि त्याच साली त्यांना मुलगी झाली होती. पत्नी बाळाबाई. त्यांनी तो अंक वाचून काही ठरविले नव्हते. तरीही त्या अंकाची किंमत पहिली सात वर्षे त्यांनी मोजली. कोसंबी परतले ते १९०६ साली. आपण थोरांची चरित्रे वाचताना प्रवासाला निघणाऱ्याच्या पायांकडे पाहतो; उंबऱ्याशी उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहत नाही. पुस्तकाने घडविलेल्या प्रवासाचा हिशेब मांडायचा तर ही बाजूही त्यात धरली पाहिजे.

मग तो प्रवास फुकट गेला का? तसे म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण परत आल्यावर कोसंबींनी जे केले त्यात आहे. कलकत्त्यास चांगल्या पगाराचे अध्यापन होते. ते सोडून, सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा पन्नास रुपयांवर ते महाराष्ट्रात येऊन राहिले. १९१२ पासून १९१८ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. कोलंबोला जाऊन आणलेली विद्या पुण्याच्या विद्यार्थ्याला पुण्यातच मिळू लागली. १९१८ साली पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा थोरली मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. त्या दामोदराचे पुढे गणितात आणि इतिहासात केवढे नाव झाले, हे आपण जाणताच. 'विसुद्धिमग्गा'ची हार्वर्ड आवृत्ती मात्र छापून आली १९५० साली. कोसंबी त्याआधी तीन वर्षे सेवाग्रामला निवर्तले होते.

आता दुसरे उदाहरण, त्याच विषयाच्या पुस्तकाचे. मुंबईचे एक शिक्षक, कृष्णराव अर्जुन केळुसकर. त्यांनी १८९८ साली मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले. पुढे शाळेत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाच्या सत्काराची एक लहानशी सभा भरली. तीत अध्यक्षस्थानावरून केळुसकरांनी ते पुस्तक मुलाला भेट दिले. मुलाने ते वाचले, आणि त्याच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला.

येथे पुस्तकाने माणसाला लगेच घराबाहेर काढले नाही. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आणि अर्थशास्त्र शिकायला. नंतर लंडन झाले. महायुद्धात १९१७ साली बोट बुडाली, तीत त्यांनी जमविलेली पुस्तके गेली. नोकरी, वकिली, चळवळी, घटना हे सर्व झाले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी केळुसकरांच्या त्या भेटीची आठवण नोंदविली आहे. एक पुस्तक जवळजवळ अर्धे शतक एका माणसाच्या मनात वाट पाहत होते, आणि त्याने चालविले ते एका समाजाला.

या दोन हकिकतींतून मला तरुण श्रोत्यांना एवढेच सांगावेसे वाटते. परदेशी जाणे ही आता अपूर्वाई राहिलेली नाही. जाणारे पुष्कळ आहेत. पगारासाठी जातात, पदवीसाठी जातात, त्यात गैर काही नाही. पण निघण्यापूर्वी स्वतःला विचारा की, मला तेथे जाऊन नेमके काय जाणून घ्यायचे आहे? कोसंबींजवळ पैसे नव्हते, भाषा नव्हती, ओळख नव्हती. प्रश्न मात्र होता. म्हणून काठमांडूची निराशा पदरी पडूनही त्यांना पुढचा रस्ता सापडला.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. केळुसकरांनी दिलेली भेट काही महागडी नव्हती. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या हाती आपण घड्याळ देतो, पेढे देतो. एखादे चांगले पुस्तकही द्यावे. ते मुलगा आज वाचील की दहा वर्षांनी, आणि वाचून कोठे जाईल, हे देणाऱ्याच्या हाती नसते. तरी द्यावे. गावोगावची ग्रंथालयेही अशाच विश्वासावर चालतात. त्यांच्या वर्गणीची पावती फाडताना हे ध्यानात असू द्यावे.