‘ताप येईल’ हे आधीच सांगा

(वाडी-पाड्यांवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पुणे येथील शिबिरात केलेले भाषण)



आज मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करते. काही वर्षांपूर्वी मुळशीकडच्या एका कातकरी वाडीवर लसीकरणाचा दिवस होता. दीड महिन्याचं बाळ घेऊन आलेल्या आईनं मला विचारलं, “ताई, याला काही होणार नाही ना?” मी घाईत म्हणाले, “अगं, काही होत नाही.” त्या रात्री बाळाला ताप चढला, मांडी सुजली, ते पहाटेपर्यंत किरकिरत होतं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पण पुढच्या महिन्यात आम्ही गेलो, तर तिच्यासह चार घरांना कड्या लावलेल्या. माझ्या शब्दावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस-बी आणि हिब या ५ आजारांपासून ती जपते. तिच्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे ताप येण्याचं प्रमाण जास्त असतं. लस आत गेली की शरीर तिला परकी समजून तयारीला लागतं. त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, म्हणून लाली, सूज आणि ठणका. हे बहुधा एकदोन दिवसांत ओसरतं. एखाद्याला तापच आला नाही, तर लस वाया गेली असंही समजू नका.

हे नवीन नाही. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची साथ असताना वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांनाही ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि मग ते बरे झाले. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. आज आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून लसी जगभर जातात. पण पुण्यापासून थोड्याच अंतरावरच्या वाडीत ती लस बाळापर्यंत पोचणं आपल्या खऱ्या बोलण्यावर अवलंबून आहे.

तर आईला काय सांगायचं? लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांब. घरी गेल्यावर अंगावर पाजत राहा. टोचलेली जागा चोळू नको. तेल, हळद, शेण काही लावू नको. स्वच्छ गार पाण्याची घडी ठेव. ताप आला तर सिस्टरनं दिलेलं पॅरासिटामॉल त्यांनी सांगितलं तेवढंच दे.

जन्मानंतरच्या बीसीजीचं वेगळं आहे. काही आठवड्यांनी डाव्या दंडावर फोड येतो, कधी फुटतो, मग वण राहतो. त्याला हात लावायचा नाही. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर मात्र ताप किंवा बारीक पुरळ आठवडा-दीड आठवड्यानंही येतं.

आता काळजीची लक्षणं. श्वास लागणं, तोंड सुजणं, झटके येणं, बाळ लुळं पडणं, ३ तासांहून जास्त न थांबता रडणं, किंवा ताप खूप वाढणं. यातलं काही दिसलं तर भगताकडे वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करा, किंवा थेट आरोग्य केंद्र गाठा. सूज दिवसेंदिवस वाढत असेल, पू दिसत असेल, तरी सिस्टरला दाखवा.

मी पुन्हा त्या वाडीवर गेले, त्या आईच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, “मी तुला खरं सांगितलं नव्हतं, माझं चुकलं.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताप येतो हे ठाऊक असतं, तर मी रात्रभर घाबरले नसते.” एवढंच तिचं मागणं होतं.

राहिलेले २ डोस तिनं उशिरा का होईना, घेतले. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, हेही घरोघर सांगा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक चक्कर मारून विचारा, “बाळ कसं आहे?” पुढच्या महिन्यात दार उघडं हवं असेल, तर ही चक्कर चुकवू नका.