बर्फात टिकणारे झाड अंगणासाठी कसे निवडावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्यासपीठावर उभे राहून बोलायची मला सवय नाही. पण कार्यवाहबाईंनी आग्रहच धरला की, इतकी वर्षे ओटावाच्या मातीत हात घालता आहात, तर झाडांविषयी चार शब्द सांगा. तेव्हा हाताने जे शिकले तेवढेच सांगते.

इथला हिवाळा तुम्हांला नव्याने सांगायला नको. नोव्हेंबरात मेपलची पाने झडली की एप्रिलपर्यंत खिडकीबाहेर पांढरे आणि करडे, याशिवाय तिसरा रंग नाही. मुले शाळेत, घरधनी कामावर, आणि दिवसभर घरात एकटी बाई. असे पाच महिने काढायचे म्हणजे समोर एक तरी हिरवे झाड हवे. ते सुख सूचिपर्णी झाडे देतात. सुईसारखी किंवा खवल्यांसारखी पाने असणारी, बहुतेक बारमाही हिरवी अशी ही झाडे. आपल्या कोकणकिनाऱ्यावरचे सुरू दिसते यांच्यासारखेच, पण ते या कुळातले नव्हे. हिमालयातला देवदार मात्र खरा यांच्यातला. आपल्या ओळखीचा म्हणून तो लावावासा वाटतो, पण ओटावाच्या थंडीत तो तग धरत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की, रोप घेताना त्याच्या चिठ्ठीवरचा पट्ट्याचा आकडा वाचावा. कॅनडात थंडीप्रमाणे ० ते ९ असे पट्टे पाडलेले आहेत. ० म्हणजे सर्वांत कडक थंडी. आपल्याकडे एखाद्या रात्री पारा उणे ३० च्या जवळ जातो. तेव्हा ४ किंवा त्याहून लहान आकड्याचे झाड घ्यावे, म्हणजे घोर नाही.

दुसरी गोष्ट ओळखीची. नर्सरीत सगळी झाडे सारखीच वाटतात. एक सुई चिमटीत धरून फिरवावी. चौकोनी लागली व सहज फिरली तर ते स्प्रूस. चपटी, मऊ आणि न फिरणारी असली तर बहुधा फर. दोन, तीन किंवा पाच सुया एका जुडीत असल्या तर पाइन. शेवयांची जाडी बोटांना कळते, तशी हीही ओळख थोड्या सवयीने होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुंडीतले झाड पाहून भुलू नये; वीस वर्षांनी ते केवढे होईल हे विचारावे. निळसर स्प्रूस कुंडीत कमरेएवढे आणि गोजिरवाणे दिसते. पण ते मूळचे अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातले. वाढले की पन्नास फूट उंच व पंधरा-वीस फूट रुंद होते. आमच्या गल्लीत कुणी फार पूर्वी असेच एक भिंतीपासून सहा फुटांवर लावले होते. २१ मे २०२२ च्या वादळात ते मुळासकट उपटून छपरावर आले. माणसे सुखरूप राहिली हे देवाचे उपकार. त्या दिवशी शहरात किती झाडे पडली ते तुम्ही पाहिलेच आहे. झाडाचा त्यात दोष नाही, त्याला जागाच पुरली नव्हती.

लहान अंगणाला जोगी झाडे पुष्कळ आहेत. निळा रंग हवा असेल तर त्याच स्प्रूसची बुटकी, गोल जात घ्यावी. ती बहुधा चार-पाच फुटांवर राहते. तो निळेपणा सुईवरच्या मेणाचा असतो, म्हणून ती हाताने चोळू नये. जागा अरुंद असेल तर फांद्या खाली लोंबणारा पांढरा स्प्रूस उत्तम. तो उंच होतो पण पसरत नाही, आणि बर्फ त्याच्या अंगावरून घसरून जाते. सावकाश वाढणारे, भरगच्च झाड हवे असेल तर आल्प्स पर्वतातला स्विस पाइन. सावलीची जागा असेल तर हेमलॉक. काही निराळे हवे असेल तर लार्च. त्याच्या सुया शरदात सोन्यासारख्या पिवळ्या होऊन गळतात. तेव्हा झाड मेले म्हणून कुणी उपटून टाकू नये, वसंतात ते पुन्हा पालवते. यू नावाचे झुडूपही सावलीत चांगले येते, पण त्याची पाने व बिया विषारी असतात. रांगते मूल घरात असेल तर ते लावू नये. रस्त्यावर मीठ टाकतात, त्या बाजूला पांढरा पाइन लावू नये. मिठाच्या फवाऱ्याने त्याच्या सुया करपतात.

आता निगा. हिवाळ्यात झाड नुसत्या थंडीने मरत नाही, पुष्कळदा तहानेने मरते. ऊन आणि वारा सुयांतले पाणी ओढून घेतात, आणि जमीन गोठलेली असल्यामुळे मुळांना पाणी मिळत नाही. मग मार्चमध्ये झाड तांबूस पडते. यासाठी जमीन गोठेपर्यंत नव्या झाडाला भरपूर पाणी द्यावे. पहिली दोन-तीन वर्षे वाऱ्याच्या बाजूला खुंट्या रोवून गोणपाट बांधावे. बुंध्याभोवती दोन-तीन इंच सालींचा थर द्यावा, पण तो बुंध्याला टेकवू नये. लावताना मुळांच्या गड्ड्याचा माथा जमिनीच्या सपाटीला राहावा. आणि खड्डा खणण्याआधी जमिनीतल्या गॅसच्या व विजेच्या वाहिन्यांवर खुणा करून घ्याव्या. ते काम फुकट होते.

विकत घेण्याआधी झाड पूर्ण वाढलेले पाहायचे असेल तर रिडो कालव्याजवळच्या वृक्षोद्यानात जावे. १८८९ साली ते स्थापन झाले, आणि आत जायला पैसे पडत नाहीत. एखाद्या रविवारी डबा घेऊन मंडळानेच तिकडे सहल काढावी, अशी माझी सूचना आहे.

शेवटी एक बोलते. पुष्कळ घरांत ऐकू येते, "आपण काय, आज ना उद्या परत जाणार, इथे वीस वर्षांचे झाड कशाला लावायचे?" या एका वाक्यापायी कित्येक अंगणे वर्षानुवर्षे ओकी राहिली आहेत. वर्षे मात्र थांबली नाहीत. मुले इथेच मोठी झाली, कुणाची लग्नेही झाली. आपल्याकडे आजीने लावलेल्या आंब्याचा आंबा नातवंडे खातात. लावताना आजीने मी राहीन की जाईन याचा हिशेब केला नव्हता. घरखर्चात झाडाचा पैसा नेहमी शेवटी येतो, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून दहा झाडे घेऊ नका. एकच घ्या, पण जागा पाहून, आकडा वाचून घ्या. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असे लावा. आपण परत गेलोच तर पुढे त्या घरात येणाऱ्या बाईला ते हिवाळ्यात हिरवे दिसेल.