पीळ दिलेल्या दोन तारा



जपानमध्ये महागड्या गाड्या पळवणारे काही चोर काच फोडत नाहीत की कुलूप तोडत नाहीत. बंपरजवळून आत हात घालतात आणि तिथल्या दोन तारांना आपली छोटी पेटी जोडतात. तिकडच्या बातम्यांत या युक्तीला ‘कॅन इन्व्हेडर’ म्हणतात. लँड क्रूझर, अल्फार्ड, लेक्सस अशा गाड्यांवर त्यांचा विशेष डोळा.

त्या दोन तारा म्हणजे कॅन बस. जर्मनीच्या बॉश कंपनीनं ती १९८६ मध्ये जगापुढे आणली. ब्रेक, इंजिन, दरवाजे, दिवे, प्रत्येकाचा छोटा संगणक याच तारांवर बोलतो. आणि प्रत्येकाच्या उंबऱ्यावर एक चिमुकली चिप बसलेली असते, ट्रान्सीव्हर. सगळे गप्प असले की दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट. बोलायचं झालं की एक तार ३.५ वर चढते, दुसरी १.५ वर उतरते. ऐकणारा मोजतो तो फक्त दोघींमधला फरक. इंजिनच्या ठिणग्यांचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, म्हणून वजाबाकीत तो जवळजवळ उरतच नाही. तारांना पीळ दिलेला असतो तो यासाठीच.

दोघं एकदम बोलू लागले तर? प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. लहान क्रमांकाचा पुढे जातो, दुसरा मुकाट थांबतो आणि नंतर पुन्हा बोलतो. कुणी सतत चुकत राहिला, तर तो आपणहून तारेवरून बाजूला होतो. आपल्या सोसायटीच्या सभेत हे होईल तो सुदिन!

पण हा सारा बंदोबस्त गोंगाटासाठी, लबाडीसाठी नाही. बोलणारा घरचाच आहे, असं प्रत्येकजण धरून चालतो. चोराची पेटी सांगते, ‘किल्ली ओळखली’, आणि दार उघडतं. लंडनमधल्या अशाच एका चोरीचा उलगडा केन टिंडेल या अभियंत्यानं २०२३ मध्ये लिहून प्रसिद्ध केला. पेटी ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेली होती. तिच्या ट्रान्सीव्हरमध्ये असा फेरफार होता, की पेटी बोलू लागली की इतरांना तोंड उघडताच येऊ नये.

यावर उपाय म्हणजे संदेशाला गुप्त शिक्का मारणं; शिक्का जुळला नाही तर ऐकायचंच नाही. नव्या गाड्यांत तो येऊ लागलाय. जुन्या गाड्यांच्या मालकांना जपानी पोलीस सांगतात, स्टिअरिंगला बाहेरून एक दणकट लोखंडी कुलूप लावा.